मोटारींतील मुका ध्वनिवर्धक

ह्या सदरांत आजपर्यंत शिवणयंत्र, पाण्याचा पंप, वाटणाचें यंत्र आणि गेल्या महिन्यांत भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ इतक्यांची शुश्रूषा झाली. मोटारीच्या वाटेला आम्ही बुद्ध्याच गेलों नव्हतों. मोटार हें ओसरीवर उघडून बसण्याचें यंत्र नव्हे, असें आमचें मत होतें व अद्यापहि आहे. ब्रेक, सुकाणूं आणि इंजिन ह्यांस ज्यानें त्यानें हात लावूं नये. परंतु मोटारींत गाणें ऐकण्यासाठीं जो ध्वनिवर्धक बसवितात, ज्याला आपण सारेच अँप्लिफायर म्हणतों, त्याची गोष्ट वेगळी. चार स्क्रू काढले कीं तो पाटावर आणून ठेवतां येतो, आणि त्याच्या दुरुस्तींत चूक झाली तर फार तर गाणें बंद पडेल, गाडी दरींत जाणार नाहीं. हें शेवटचें वाक्य मीं पुष्कळ वर्षें मोठ्या बेफिकिरीनें उच्चारीत आलों. तें तितकेंसें खरें नाहीं हें मला भामरागडास कळलें. ती हकीकत आज सांगतों.

भामरागड हें गडचिरोली जिल्ह्यांतील, छत्तीसगडच्या सीमेला खेटून असलेलें तालुक्याचें गांव. 1982 सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून हा मुलूख त्या जिल्ह्यांत आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती ह्या तीन नद्या गांवाजवळ एकत्र येतात. पर्लकोटेच्या अलीकडे हेमलकसा. 1973 सालीं बाबा आमटे यांनीं तेथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्या दांपत्यानें तो वाढविला, त्यामुळें हेमलकशाचें नांव बहुतेक वाचकांच्या घरीं ठाऊक असेल. भामरागड त्याच्या पुढें, पूल ओलांडून. आलापल्लीहून तेथवरचा 60-65 किलोमीटरांचा रस्ता सागाच्या व बांबूच्या अरण्यांतून जातो. 2019 च्या पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी पुन्हां पुन्हां पुलावर चढलें आणि गांव बाहेरच्या जगापासून तुटत राहिलें. त्या श्रावणांत मी तेथें होतों.

माझा पुतण्या त्या भागांतील एका आश्रमशाळेंत शिक्षक होता. बरोबर सूनबाई, दोन मुलें आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आई. चार दिवसांसाठीं म्हणून मी गेलों आणि पुरानें माझा मुक्काम आपोआप वाढविला. पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक जुनी जीप विकत घेतली होती. तिचा पहिला मालक गाण्याचा शौकीन असावा, कारण मागच्या आसनाखालीं पोथीच्या पेटीएवढा एक अँप्लिफायर आणि दोन्ही बाजूंस ताटाएवढे दोन ध्वनिक्षेपक त्यानें बसविले होते. पुतण्याला स्वतःला गाण्याचा विशेष नाद नाहीं. पण शाळेच्या मैदानांत जीप उभी करून मागचें दार उघडलें कीं दोनशें मुलांना ऐकूं जाईल एवढा आवाज मिळतो, हें त्यानें ओळखलें होतें. 15 ऑगस्टसाठीं शाळेंतल्या माडिया मुली एका ध्वनिमुद्रित गीतावर नाच बसवीत होत्या. त्या वर्षीं नारळी पौर्णिमाहि त्याच दिवशीं आली होती, त्यामुळें घरांत नारळीभाताची व शाळेंत नाचाची अशी दुहेरी तयारी चालली होती. आणि नेमका त्याच्या पांचसहा दिवस आधीं अँप्लिफायर मुका झाला.

पुतण्यानें पाहिलें तों अँप्लिफायरच्या कडेला असलेले 25 अँपिअरचे दोन्ही फ्यूज वितळलेले. त्याच्याजवळ तीन राखीव फ्यूज होते. "काका, नुसते फ्यूज बदलायचे आहेत," असें म्हणून त्यानें ते माझ्या हातांत दिले. मींहि, इतकीं वर्षें वाचकांस उपदेश करणारा, तेंच केलें. एक घातला. चट् असा आवाज, निळी ठिणगी, फ्यूज गेला. दुसरा घातला, तोहि गेला. तिसरा हातांत धरून मी स्वस्थ बसलों. गांवांतल्या दुकानीं तसला फ्यूज नव्हता आणि आलापल्लीचा रस्ता पाण्याखालीं. अशा वेळीं माणसाच्या मनांत जें येतें तेंच माझ्याहि मनांत आलें. सूनबाईंनीं मुलांच्या चॉकलेटाचा चांदीचा कागद टाकून दिला होता, तो जळक्या फ्यूजभोंवतीं गुंडाळावा आणि निदान काय होतें तें पाहावें! कागद उचललाहि होता.

वहिनी निवडण्याचें सूप घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, त्या गाडींत आठ दिवस झाले, कांहीं जळल्यासारखा वास येतो. मीं ह्याला दोनदां सांगितलें. हा म्हणतो, आई, जंगलांत ओलीं पानें कुजतात त्याचा वास."

पुतण्या हंसला. मी हंसलों नाहीं. कुजक्या पानांचा वास आणि जळक्या लाखेचा वास ह्यांत, ज्या बाईनें चाळीस वर्षें चुलीजवळ काढलीं तिची गल्लत होईल हें मला खरें वाटेना. मीं चांदीचा कागद खालीं ठेविला व पाना-पेचकस मागितला.

येथें फ्यूजविषयीं दोन शब्द. पुष्कळ घरांत अशी समजूत आहे कीं फ्यूज हा यंत्राचा एक नाजूक भाग असून तो वरचेवर बिघडतो, तेव्हां तो जरा मजबूत घातला म्हणजे कटकट मिटते. वस्तुतः फ्यूज बिघडत नाहीं. तो आपलें काम करून मरतो. ठरलेल्या मर्यादेहून अधिक वीज वाहूं लागली म्हणजे त्यांतील पातळ पट्टी तापून वितळते व मार्ग तुटतो. हें काम तो प्रामुख्यानें तारेसाठीं करतो. यंत्र तोंपर्यंत बहुधा बिघडलेलेंच असतें. तार मात्र अद्याप शाबूत असते, आणि तिच्याभोंवतीं आसनाचा काथ्या, रबर, पेट्रोल व माणसें असतात. मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा 12 व्होल्ट असल्यामुळें तिला हात लावला तरी झटका बसत नाहीं, म्हणून आपण तिला गरीब समजतों. पण तिचीं दोन टोंकें एखाद्या तारेनें थेट जोडलीं तर ती शेंकडों अँपिअर वीज ओतते आणि ती तार क्षणांत लाल होते. बोटांतल्या अंगठीचीहि तीच गत होते; म्हणून बॅटरीजवळ काम करतांना अंगठी, घड्याळ व बांगड्या आधीं काढून ठेवाव्या. हें मी सवयीनें लिहीत नाहीं, माझ्या एका सहाध्यायाच्या अनामिकेवरचें वळें मीं पाहिलें आहे.

आतां हा ध्वनिवर्धक करतो तरी काय? नांवावरून वाटतें कीं तो लहान आवाजाला फुगवून मोठा करतो. तसें नाहीं. शेतांतल्या पाटाचें दार एक पोर हलक्या हातानें वरखालीं करतें आणि त्याच्या हालचालीसरशीं पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. पाण्याला जोर पोर देत नाहीं, तो धरणाचा असतो. त्याचप्रमाणें रेडिओकडून येणारा क्षीण संकेत हा दार हलविणारा हात, बॅटरी हें धरण, आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा त्या लोंढ्यानें हलतो.

पण मोटारींत एक अडचण आहे, आणि आमच्या सगळ्या गोष्टीचें मूळ तींतच आहे. धरण उथळ आहे. 12 व्होल्टांत पडद्याला वर सहा व खालीं सहा एवढाच झोका देतां येतो. 4 ओहमांच्या ध्वनिक्षेपकांत त्यापासून गणितानें साडेचार वॉट शक्ति निघते. दोन वर्धक एकमेकांच्या उलट जोडून झोका दुप्पट केला तर 18 वॉट. मैदानावर त्याचा काय उपयोग? म्हणून मोठ्या अँप्लिफायरांत आधीं दाबच वाढवितात. बॅटरीची सरळ वीज कांहीं ट्रॅन्झिस्टरांच्या साहाय्यानें सेकंदाला हजारों वेळां तोडतात-जोडतात, ती एका कड्यावर गुंडाळलेल्या रोहित्रांतून नेतात, पुन्हां सरळ करतात, आणि तीस-तीस व्होल्टांचे दोन दाब मिळवितात. तीस व्होल्टांचा झोका मिळाला कीं त्याच ध्वनिक्षेपकांत शंभर वॉटांवर शक्ति जाऊं शकते.

ही युक्ति नवी नाहीं. 1930 सालीं शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारींत बसणारा रेडिओ मोटोरोला ह्या नांवानें बाजारांत आणला. त्या काळच्या रेडिओंत कांचेच्या नळ्या असत व त्यांना शेंदोनशें व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी तर पुष्कळदां सहाच व्होल्टांची. तेव्हां पुढें अशी योजना निघाली कीं, एक पोलादी जीभ विद्युच्चुंबकापुढें सेकंदाला शंभरावर वेळां थरथरत ठेवावी, तिनें वीज तोडावी-जोडावी, आणि रोहित्रानें दाब वाढवावा. असे रेडिओ ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना गाण्याच्या मागें भुंग्यासारखी गुणगुण आठवत असेल. ती त्या जिभेची. 1947 च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टर जन्मला आणि कालांतरानें जिभेचें काम त्याच्याकडे गेलें. तो इतक्या वेगानें तोडजोड करतो कीं त्याचा नाद आपल्या कानाच्या मर्यादेपलीकडे राहतो. मात्र जिभेचे सांधे जसे जळत तसा हाहि जळतो, आणि मोटारीच्या अँप्लिफायरांत सर्वांत आधीं जळणाऱ्या भागांत त्याची गणना करावी लागते.

इतकें ध्यानांत घेतलें म्हणजे शोध कोठून करावा हें सुचतें. अँप्लिफायरला विजेच्या तीन तारा येतात. जाड लाल तार बॅटरीकडून, जाड काळी तार गाडीच्या लोखंडी अंगाकडून, आणि तिसरी एक बारीक तार रेडिओकडून. रेडिओ लावला कीं ह्या बारीक तारेंतून 12 व्होल्ट येतात आणि अँप्लिफायर जागा होतो. एरव्हीं तो निजलेला असतो. नुसताच दिवा न लागणाऱ्या अँप्लिफायरच्या बाबतींत दहांतून पुष्कळदां ह्या बारीक तारेचा किंवा काळ्या तारेखालच्या गंजाचा दोष असतो व पेटी उघडावीहि लागत नाहीं. आमचें दुखणें तसें नव्हतें. आमचा फ्यूज जात होता.

फ्यूज तर एकच उरलेला. मग चांचणी कशाच्या जोरावर करावयाची? येथें एक जुनी कारागिरी कामास आली, आणि वाचकांनीं दुसरें कांहीं ध्यानांत न ठेविलें तरी ही ठेवावी. जीपच्या पुढच्या दिव्याचा एक राखीव गोळा घरांत होता, 60 वॉटांचा. तो फ्यूजच्या जागीं लाल तारेच्या मध्यें जोडला. ह्या गोळ्यांतून सुमारें पांच अँपिअरहून अधिक वीज जाऊंच शकत नाहीं, म्हणून आंत कितीहि बिघाड असो, काम सावकाश करतां येतें. गोळा पूर्ण तेजानें पेटला तर आंत वीज सरळ आरपार जाते आहे असें समजावें. क्षणभर चमकून विझला तर आंतले संचायक भरले व सर्व ठीक आहे.

ध्वनिक्षेपकांच्या व संकेताच्या सर्व तारा आम्हीं काढून टाकल्या, बारीक तारहि जोडली नाहीं, आणि लाल तारेंत गोळा घालून बॅटरीला लावलें. गोळा भर तेजानें पेटला. नातवंडांनीं टाळ्या वाजविल्या. त्यांना वाटलें, दुरुस्त झालें.

आतां विचार करा. बारीक तार जोडलेली नाहीं, म्हणजे अँप्लिफायर निजलेला आहे. निजलेल्या स्थितींत रोहित्रापलीकडे वीज पोंचतच नाहीं. तरीहि ती आरपार जाते आहे, तर दोष रोहित्राच्या अलीकडे असला पाहिजे. अलीकडे असतात मुख्यतः दोनच वस्तु. एक, बॅटरी उलटी जोडली गेल्यास आत्मबलिदान करणारा डायोड; दुसरी, ते तोडजोड करणारे ट्रॅन्झिस्टर. गोळा जर बारीक तार जोडल्यावरच पेटला असता, तर दोष पलीकडे, आवाज देणाऱ्या ट्रॅन्झिस्टरांत शोधावा लागला असता. एका दिव्यानें अर्धी पेटी विचारांतून वगळली. पेटी अजून उघडलेली नव्हती.

ती उघडली तों आंत धूळ, मुंग्या आणि पालीचीं दोन वाळकीं अंडीं. सूनबाईंनीं मला कशालाहि हात लावूं न देतां आधीं चारी बाजूंनीं भ्रमणध्वनीवर छायाचित्रें घेतलीं. "काका, मागच्या वेळीं तुम्ही घड्याळ उघडलें तेव्हां दोन चाकें उरलीं होतीं," एवढेंच त्या म्हणाल्या. ती आठवण रास्त होती.

शाळेच्या प्रयोगशाळेंतला मल्टिमीटर पुतण्यानें आणला. प्रथम मोठ्या संचायकांवरचा दाब पाहिला. यंत्र बंद केल्यावरहि त्यांत वीज राहते आणि पेचकस घसरला तर ठिणगी उडते. तेथें कांहीं उरलें नव्हतें. मग डायोड मोजला. एका बाजूनें वाट, दुसऱ्या बाजूनें नाहीं, असें निरोगी माप आलें. नंतर ट्रॅन्झिस्टर. कडेच्या अल्युमिनियमच्या भिंतीला टेकवून मॉस्फेट जातीचे चार बसविले होते, दोन एका अंगास व दोन दुसऱ्या. एका अंगाच्या जोडीचें माप ठीक. दुसऱ्या जोडींत मात्र मधल्या व शेवटच्या पायामध्यें दोन्ही दिशांनीं शून्य. पण ही जोडी एकमेकांस समांतर जोडलेली असते, म्हणून एक मेला तरी माप दोघांचेंहि शून्यच येतें. कुटुंबांत एकानें रुसून बसावें आणि बाहेरच्याला सारेंच घर रुसलेलें दिसावें, तसें. कोणता हें कळण्यास दोघांनाहि सोडवावें लागतें.

त्यासाठीं डाख वितळविण्याची सळई हवी, आणि सळईला वीज हवी. पुराच्या दिवसांत विजेचा लपंडाव चाललेला. रात्रीं नऊच्या सुमारास ती आली, आणि पुतण्या व मी जेवणावरून उठून कामास लागलों. आधीं पायांवर थोडा ताजा डाख चढविला, कारण जुना डाख एकटा लवकर वितळत नाहीं. मग तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें तो सर्व टिपून घेतला. घाईनें पाय ओढला तर पट्टीवरची तांब्याची बारीक वाट उखडते, आणि ती उखडली म्हणजे मूळ दोषापेक्षां आपला दोष मोठा होतो. दोन्ही ट्रॅन्झिस्टर हातांत आले. एक निरोगी होता, दुसरा मेलेला; त्याच्या पहिल्या पायाकडे जाणारा शंभर ओहमांचा रोधक काजळासारखा काळा झालेला. मीं तो वहिनींच्या नाकाजवळ नेला. "हाच," त्या म्हणाल्या.

तो मेला कां, हें विचारल्यावांचून दुसरा बसवूं नये. नाहींतर नवाहि त्याच वाटेनें जातो. कारण शेजारींच होतें. ह्या ट्रॅन्झिस्टरांना अल्युमिनियमच्या भिंतीवर दाबून धरणारी एक पट्टी असते. त्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनीं तिचा स्क्रू अर्धा सुटला होता. ट्रॅन्झिस्टर आणि भिंत ह्यांमध्यें नखाएवढी फट. त्याची उष्णता जावयाची कोठें? त्यांत भर म्हणून पाऊस आंत येऊं नये ह्या काळजीनें पुतण्यानें पेटीवर जुनी सतरंजी घडी करून ठेविली होती. ओलावा अडला आणि वाराहि अडला.

बदली भाग मिळण्याची आशा नव्हती. पण चारांपैकीं तीन जिवंत होते. तराजू समतोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगाचाहि एक काढला आणि दोन्ही अंगांस एकेकच ठेविला. असा अँप्लिफायर अर्ध्या शक्तीनें चालतो; चालवितांना आवाज चढवावयाचा नाहीं एवढें पथ्य. काढलेला निरोगी ट्रॅन्झिस्टर जपून ठेवावयाचा होता. ह्या जातीच्या ट्रॅन्झिस्टरांस अंगावरच्या कोरड्या कपड्यांतल्या विजेनेंहि इजा होते, म्हणून त्याचे तिन्ही पाय धातूंत गुंडाळून ठेवतात. चॉकलेटाचा तो चांदीचा कागद अजून ओसरीवरच पडला होता.

स्क्रू घट्ट केला, मधला पांढरा लेप सारखा केला, आणि पुन्हां गोळा लावून पाहिलें. गोळा पेटला नाहीं. बारीक तार जोडली. गोळा एकदां चमकला, विझला, आणि अँप्लिफायरचा हिरवा दिवा लागला. ध्वनिक्षेपक जोडण्यापूर्वीं त्यांच्या टोंकांवर सरळ दाब येत नाहींना हेंहि मोजलें, कारण तसा दाब पडद्याच्या वेटोळ्यास जाळतो. तो नगण्य होता. रात्रीं साडेअकरा वाजतां, गोळ्यांतूनच, अगदीं हळू आवाजांत मुलींच्या नाचाचें गीत वाजलें. पुतण्या म्हणाला, "काका, झालें!"

झालें असें मलाहि वाटलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेटी परत आसनाखालीं बसवितांना सहज विचार आला. पेटीवरचे फ्यूज पेटीपुरते. आसनापासून पुढें बॅटरीपर्यंत जी दहाबारा हात लाल तार जाते, तिचा रक्षक कोण? तो बॅटरीजवळ, वीतभर अंतरावर असावा लागतो. पुढचें झांकण उघडून पाहिलें. फ्यूजची डबी होती. तिच्यांत फ्यूजहि होता, जळलेला. आणि त्याच्यावर कोणीतरी तांब्याच्या तारेचे सातआठ वेढे नीट घट्ट गुंडाळून दिले होते. काम सुबक होतें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें तार जेथें इंजिनाच्या खणांतून पत्र्याच्या भोंकानें आंत शिरते तेथें रबराची चकती नव्हती. पत्र्याच्या धारेनें तारेचें लाल आवरण घासून घासून एका बाजूस तांबें उघडें पडलें होतें. पत्रा आणि तांबें ह्यांत राहिलेलें अंतर मीं डोळ्यांनीं पाहिलें. कागद सरकला असता कीं नाहीं ह्याची शंका आहे. तें अंतर एखाद्या धक्क्यानें संपलें असतें, तर बॅटरीची सारी वीज त्या तारेंतून गेली असती आणि तिला अडविणारें मध्यें कांहीं नव्हतें. तार मुलांच्या पायांखालच्या बिछायतीखालून जात होती.

मघाशीं म्हटलें कीं अँप्लिफायर बिघडला तर फार तर गाणें बंद पडेल. तें वाक्य मीं पुतण्यासमोर पूर्वीं अनेकदां म्हटलें असेन. तो त्या भोंकाकडे पाहत उभा राहिला. मग आंत जाऊन त्यानें आईला सगळें सांगितलें, वासाबद्दल हंसलों होतों तेंहि. वहिनींनीं ऐकून घेतलें व म्हणाल्या, "मग आतां नीट करा, आणि तोंवर मुलांना गाडींत बसवूं नका."

नीट करण्यास सामान थोडें लागलें. झिजलेला तुकडा कापून टाकला, तारेला नवा जोड दिला, डाखानें भरला व त्यावर आवरण चढविलें. भोंकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची दुहेरी किनार बसविली आणि तार हलूं नये म्हणून दोन जागीं बांधली. वेढ्यांची तार काढली. हातांत उरलेला तिसरा 25 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच्या डबींत घातला. तार त्यास पुरेशी जाड होती. पेटी आतां अर्ध्या बळाची, म्हणून तिला जीपच्या फ्यूजपेटींत राखीव असलेला 15 अँपिअरचा एकच दिला. सतरंजी घरांत आणली.

कांहीं वाचक विचारतील कीं प्रत्येक अँप्लिफायर असा घरीं दुरुस्त होतो काय. नाहीं. रोहित्राचें कडें जळलें असेल, पट्टी कोळसा झाली असेल, किंवा आंतले भाग तिळाएवढे असतील व डोळ्यांना चष्म्यानेंहि नीट दिसत नसतील, तर उघडलेली पेटी तशीच बंद करून जाणत्याकडे न्यावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु बॅटरीपासून पेटीपर्यंतची तार पाहण्यास डाख लागत नाहीं, मल्टिमीटरहि लागत नाहीं. पुढचें झांकण उघडा, लाल तारेमागून बोट फिरवीत जा, फ्यूजच्या डबींत काय आहे तें पाहा. जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें तर हें पहिल्याच दिवशीं करावें. आधींच्या मालकाचें गाण्याचें वेड आपण पैसे देऊन घेतों, त्याबरोबर त्याची काटकसरहि येते.

15 ऑगस्टला झेंडावंदन झालें. मुलींचा नाच झाला. अर्ध्या बळाचा आवाज मैदानाच्या टोंकापर्यंत पोंचला कीं नाहीं, मला सांगतां येणार नाहीं. कारण दुसऱ्या कडव्यापासून सगळी शाळाच गाऊं लागली आणि यंत्राचें कोणाला ऐकूंच येईना. नंतर मोठ्या मुलामुलींनीं हातांत हात गुंफून रेला धरला. त्याला ध्वनिवर्धक लागत नाहीं. दुपारीं नारळीभात होता.

पाणी उतरल्यावर मी परतलों आणि त्या जातीचे चार ट्रॅन्झिस्टर व दहा फ्यूज टपालानें पाठवून दिले. सगळ्याची मिळून किंमत एका नाटकाच्या तिकिटाइतकीहि झाली नाहीं. पुतण्याचें उत्तर आलें कीं फ्यूज गाडींत ठेवले आहेत, ट्रॅन्झिस्टर मात्र पुढच्या सुटींत बसवूं, अर्ध्या बळावर तूर्त चांगलें भागतें आहे. खालीं वहिनींच्या हातच्या दोन ओळी होत्या. गाडींत आतां वास येत नाहीं. पण स्वयंपाकघरांतल्या फ्रिजच्या मागें परवांपासून थोडा येतो आहे, भावजींनीं केव्हां यावयाचें तें कळवावें.